शंभर माणसांचं बटण

मित्रांनो, मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आजवर कुणाचाच बसलेला नाही, तेव्हा मी वाईटही वाटून घेणार नाही. मी एक जुनं बटण आहे. तुमच्या शाळेच्या नाटकाच्या पेटीत जो तपकिरी कोट आहे ना, त्याचं वरून दुसरं. आणि एके काळी मी शंभर माणसं होतो.

हसू नका. शंभर माणसांच्या अंगावर मिरवलो, असं मी म्हणत नाही. मी स्वतः शंभर माणसं होतो. त्यांत म्हातारी होती, तान्ही होती, सख्खे भाऊ पक्के वैरी होते, आणि एक जन्माचा आळशीही होता. एवढा गोतावळा माझ्या या चार भोकांच्या देहात दाटीवाटीने नांदत होता.

माझा जन्म एका म्हशीच्या शिंगात झाला. म्हैस एवढी थोर, की तिच्या डाव्या शिंगावर सकाळ असली तर उजव्यावर दुपार झालेली असायची. मी दुपारच्या बाजूचा, म्हणून रंगाने जरा भाजलेला. एका कातारी कारागिराने मला फिरत्या चरकावर धरून गोल केलं, घासलं, चार भोकं पाडली. मला त्या भोकांतून दिसायला लागलं. दोन डोळ्यांनी जग पाहणाऱ्यांची मला अजून कीव येते.

पुढे मी एका बाईंच्या डब्यात येऊन पडलो. या बाई घरीच लोकांचे कपडे शिवून द्यायच्या. उरलंसुरलं प्रत्येक बटण त्या एका पत्र्याच्या डब्यात टाकायच्या. तिथे शिंपल्याची गोरी बटणं होती, पितळेची अकडू बटणं होती, लाकडाची अबोल बटणं होती. कुणाला कधी बोलावणं येईल याचा नेम नसायचा. वर्षानुवर्षं अंधारात पडून राहायचं आणि झाकण वाजलं की सगळ्यांनी एकदम वर पाहायचं, असं आमचं जिणं.

एके दिवशी झाकण उघडलं ते बाईंच्या यजमानांनी. ते नगरपालिकेत नकाशे काढायचे. आयुष्यभर पट्टी धरून धरून त्यांची चालही सरळ झाली होती, बोलणंही, आणि भांगही. कचेरीत सगळे त्यांना सरळराव म्हणायचे.

"अहो, हा डबा जरा कचेरीत नेतो," ते म्हणाले.

"न्या, पण मोजून परत आणा," बाई मशीनवरून मान न उचलता म्हणाल्या. "तुमच्या कचेरीत माणसं हरवली तरी कुणी विचारत नाही. माझी बटणं हरवलेली मला चालायची नाहीत."

आता आम्हा बटणांचं कचेरीत काय काम, ते नीट ऐका. गाव म्हणजे काही एकच तुकडा नसतो. त्याचे प्रभाग पाडलेले असतात. ज्या प्रभागात तुम्ही राहता, तिथले नगरसेवक तुम्ही निवडायचे आणि नळ, गटार, दिवा काही बिघडलं की त्यांच्या दारात जाऊन उभं राहायचं. पण माणसं काही एका जागी बसत नाहीत. इकडची वस्ती वाढते, तिकडची विरळ होते. म्हणून मधूनमधून सगळ्या रेषा पुसून पुन्हा आखाव्या लागतात, कुणाच्या वाट्याला नगरसेवक कमी आणि कुणाच्या जास्त, असं होऊ नये म्हणून.

कचेरीतल्या सर्वांत मोठ्या टेबलावर नकाशा पसरला होता. टाचण्या टोचल्या तर नकाशाला भोकं पडतात, आणि मोठ्या साहेबांना भोकांचा राग. म्हणून सरळरावांनी ही युक्ती काढली. एक बटण म्हणजे शंभर माणसं. जिथे जेवढी वस्ती, तिथे तेवढी बटणं. मग बटणं मोजत रेषा ओढायची. तीस बटणांमागे एक नगरसेवक. मित्रांनो, त्या टेबलावर पितळेचं बटणही शंभर आणि फुटक्या लाकडाचंही शंभरच. एवढा मान आम्हाला कोणत्याही सदऱ्यावर मिळाला नव्हता.

नकाशा मांडला की खोलीतला पंखा बंद. खिडक्या बंद. उन्हाळ्यात सगळे घामाने निथळायचे, पण वाऱ्याने गाव हलायला नको. एकदा मोठे साहेब शिंकले आणि बाराशे माणसांनी सामान न उचलता घरं बदलली. सरळरावांनी चिमट्याने एकेकाला उचलून परत घरी पोचवलं. साहेबांना सगळ्यांनी रुमाल नाकाला लावून बसायला सांगितलं, अर्थात मनातल्या मनात.

मला ठेवलं होतं दोरवाल्यांच्या गल्लीवर. गावातून एक कालवा वाहतो. तो एका ठिकाणी कोपरासारखा वळतो, आणि त्या वळणाच्या कुशीत, अलीकडच्या बाजूला, ही गल्ली. सकाळपासून लोक उलट्या पावलांनी चालत काथ्याचे दोर वळायचे. तिथले शंभर लोक म्हणजे मी. अलीकडच्या प्रभागात माझ्यासकट नव्वद बटणं होती. नव्वदला तीन नगरसेवक. माझ्यावाचून एकोणनव्वद, आणि एकोणनव्वदला दोनच. म्हणजे तो तिसरा नगरसेवक माझ्या जिवावर उभा होता. मी छाती काढून बसलो होतो, यात नवल ते काय?

आणि मग तो सकाळचा घोळ झाला. त्या दिवशी गावातली मोठी मंडळी नकाशा पाहायला यायची होती. सरळरावांनी आपला तपकिरी कोट चढवला आणि पाहतात तो वरून दुसरं बटण गायब. शिल्लक बटणांचा डबा टेबलाच्या काठाशी, कालव्याच्या वळणाला खेटून ठेवलेला असे. सरळरावांचे डोळे भिंतीवरच्या आरशात, तोंडात सुई, आणि हात डब्याकडे. हात चार बोटं आधीच थांबला. त्यांनी मला उचललं, ओवलं, गाठ मारली, दातांनी दोरा तोडला. दोरवाल्यांची अख्खी गल्ली त्यांच्या छातीवर टाचली गेली.

संध्याकाळी आम्ही शंभर जण कोटाला लटकून त्यांच्या घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी ते रेषा ओढायला बसले. वळणाची कूस रिकामी दिसत होती. जिथे माणूसच नाही तिथे रेषेने कालव्यामागोमाग कशाला वाकडं व्हायचं? सरळरावांनी पट्टी ठेवली आणि गोदामाच्या कोपऱ्यापासून पुलापर्यंत कशी सरळ रेघ ओढली. गल्ली कालव्याच्या अलीकडे राहिली आणि प्रभाग पलीकडचा लागला. अलीकडची बटणं मोजली, एकोणनव्वद भरली. गावाचे एकूण नगरसेवक ठरलेले, म्हणून उरलेला तिसरा पलीकडच्या मोठ्या वस्तीला गेला. मी त्यांच्या छातीवरून सगळं पाहत होतो, चारही डोळ्यांत दोरा.

कच्चा आराखडा बाहेर लागला. कुणाची हरकत असेल त्याने यावं, सांगावं, असा रिवाज आहे. सुनावणीला गल्लीतून एकच बाई आली. ती सुईण होती. सगळी गल्ली तिला मावशी म्हणायची. ती नकाशाच्या टेबलाशी आली, पदराने हात पुसले, आणि वळणाच्या कुशीवर बोट ठेवलं.

"साहेब, इथं आम्ही राहतो. तुम्ही इथं काहीच ठेवलं नाही."

मोठे साहेब म्हणाले, "मावशी, आहेत तेवढी माणसं मांडलीयत. तुमची गल्लीही कुठेतरी मोजली गेलीच असेल."

"कुठेतरी म्हणजे कुठे? निम्मी गल्ली पहिल्यांदा या हातांत आलीय. ओली, ओरडणारी. ती नाहीत म्हणता?"

"नाहीत असं कुठे म्हणतोय? फक्त प्रभाग बदलला. नगरसेवक पलीकडचे असतील, एवढंच."

"एवढंच." मावशीने मान हलवली. "गटार तुंबलं की पलीकडचा म्हणेल, कालव्याच्या त्या अंगाला माझं काय काम? अलीकडचा म्हणेल, तुमचं मत तिकडे, मग गाऱ्हाणं इकडे का? दोन घरचा पाहुणा उपाशी, साहेब. आणि पुलाला कठडा नाही. मत द्यायला म्हाताऱ्यांनी त्यावरून जायचं?"

साहेबांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता, पण दमलेला होता. "मावशी, आता एक बटण हललं तर सगळी हलतील. नगरसेवकांची वाटणी झाली. कागद वर गेले. अलीकडे तिसरा द्यायचा तर पलीकडचा काढून घ्यायला लागेल, आणि तो आता कोण सोडेल?"

सरळराव बाजूला उभे होते. त्यांनी रिकाम्या वळणाकडे पाहिलं. मग त्याला खेटून ठेवलेल्या डब्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून स्वतःच्या छातीकडे पाहिलं. त्यांचा हात हळूच वर आला आणि माझ्यावर येऊन थांबला. त्या हाताखाली मला अंधार झाला, पण मागे छातीत काय चाललं होतं ते मला चांगलं ऐकू येत होतं. त्यांचे ओठ हलले.

मित्रांनो, ते बोलणार होते. मी शपथेवर सांगतो, माझा माणूस बोलणारच होता. त्याला बोलायचे कष्ट पडू नयेत, म्हणून मीच पुढे झालो. मी दोऱ्याला असा हिसका दिला, की गाठ तुटून साहेबांच्या दौतीत पडली. त्यांच्या बोटांच्या फटीतून मी उडी घेतली ती थेट छताला लागून टेबलावर. तिथून धावत सुटलो. चार प्रभाग ओलांडले, वाटेत पितळेच्या बटणांनी उठून मला रस्ता दिला, बंद पंखा आपोआप फिरला, आणि मी कालव्याच्या वळणात जाऊन दोन गिरक्या घेतल्या आणि बसलो, अगदी माझ्या जागी. सरळरावांनी तिथल्या तिथे पट्टी फेकून दिली आणि हाताने वाकडी रेघ ओढली, कालव्याच्या कडेकडेने. साहेब उठून उभे राहिले. तिसरा नगरसेवक अलीकडे परत आला. मावशीने मला उचलून डोळ्यांना लावलं. मग सरळरावांच्या बाईंनी मला पुन्हा कोटावर टाचलं आणि म्हणाल्या, असं बटण मी आयुष्यात पाहिलं नाही.

म्हणून सांगतो, मित्रांनो, लहान वस्तूला लहान समजू नका. बटण सैल झालं तर आजच टाका घाला. आणि उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यापैकी कुणाच्या हातात पट्टी येईल. तेव्हा रिकामी जागा दिसली, की रेघ ओढण्याआधी उठून तिथवर चालत जा. दार वाजवा. कुणी ओ देतंय का पाहा. दोरवाल्यांच्या गल्लीसारखं प्रत्येकाचं नशीब थोर नसतं, की ज्याच्यासाठी एखादं बटण...

"खोटं आहे हे," मागच्या रांगेतली एक मुलगी मोठ्याने म्हणाली. "त्या गल्लीत माझी आजी राहते. परवा मतदानाला मीच तिचा हात धरून तिला पुलावरून पलीकडे नेलं."