कळलावीची बरणी

दचकू नका मित्रांनो, मी एक जुनी, काचेची लोणच्याची बरणी आहे. फक्त माझ्या पोटात लोणचं नाही. पिवळ्या पडलेल्या स्पिरिटमध्ये बुडालेला, नांगरासारखा वाकडा एक कंद आहे. गेली वीस वर्षं आम्ही दोघंच एकमेकांच्या सोबतीला आहोत, आणि खरं सांगायचं तर तो काही बोलका नाही.

माझा जन्म कुठल्या भट्टीत झाला हे मला ठाऊक नाही. मला आठवतं ते खालापूरच्या सफियाबींचं स्वयंपाकघर. त्यांच्या हातच्या कैरीच्या लोणच्यानं माझं पोट भरलं की पाहुणे जेवणाआधी माझ्याकडे बघत. पुढे त्यांचा मुलगा लियाकत कर्जत तालुक्यातल्या एका लहानशा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर झाला. भाकरीला तोंडीलावणं हवं म्हणून त्यानं मला सोबत नेलं आणि डॉक्टरांच्या टेबलाशेजारच्या खिडकीत ठेवलं. तिथूनच मी सगळं पाहिलं.

डॉक्टर श्रीपत गमरे तेव्हा तिशीही न ओलांडलेले, अबोल गृहस्थ होते. त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं, आणि त्याचा त्यांना जरा अभिमानही होता. रोग्याची हकीकत ते केसपेपरवर नीट मांडत. रोगी तो कागद घडी घालून घरी नेई आणि देवाच्या फोटोमागे ठेवून देई. लिहिलेल्या कागदाला आमच्याकडे फार मान!

एकोणीसशे त्रेसष्ट सालच्या मार्गशीर्षात पोशीरच्या पलीकडच्या एका वाडीतून येसूबाई आपल्या सुनेला, चंद्रभागेला, बैलगाडीत घालून घेऊन आली. उलट्या-जुलाबांनी पोरीचे डोळे खोल गेले होते. तिला बोलवतही नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं हिनं?" उत्तर सासूनं दिलं.

"त्या सोनुबाईनं दिल्याले कंद खाल्ले, दुसरं काय खाणार? वर हिचे केस बगून म्हनली, काय गं तुजे केस, नागिनीवानी! तवाच माज्या काळजात चर्र झालं."

सोनुबाई म्हणजे त्यांची शेजारीण, एकटी राहणारी म्हातारी विधवा. रानातले कंद खणून, उकडून ती चार घरी वाटायची. डॉक्टरांनी मान डोलावली आणि सुबक अक्षरात लिहिलं, 'सोनुबाई या शेजारणीने दिलेले कंद खाल्ल्याने विषबाधा.' सलाईन लावलं. चार दिवसांनी पोरगी चालत घरी गेली आणि कागदही तिच्याबरोबर गेला. डॉक्टरांनी हात धुतले. मलाही तेव्हा काही खटकलं नाही, मी लोणच्याच्या तोऱ्यात होते.

बाराव्या दिवसापासून चंद्रभागेचे केस गळू लागले. विंचरायला घेतले की मूठ भरून हातात येत. तीन आठवड्यांत डोकं तुळतुळीत झालं. मग काय, वाडीला दुसरं कारण शोधावंच लागलं नाही. केसांना दृष्ट लावली, कंदातून करणी केली! सातवी शिकलेल्या एकानं तो केसपेपर पारावर मोठ्यानं वाचून दाखवला. "डाक्तरनी बी लिव्हलंय," असं जो तो म्हणू लागला. सोनुबाईला विहिरीवर कुणी घागर लावू देईना. ती दिसली की बाया पोरींच्या डोक्यावर पदर ओढत.

एका दुपारी दवाखाना रिकामा असताना सोनुबाई आली. ती बाकावर बसली नाही. उंबऱ्यापाशीच उभी राहून म्हणाली,

"डाक्तर, तू बगितलंस का रं माजे कंद?"

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली.

"मी बी तेच खाल्ले. आनिक तीन घरी दिले. त्यांना इचारलंस?" तिनं डोईवरचा पदर मागे सारला. पांढरे, विरळ, पण केस होते. "हे बग. माजे गळले का?"

मित्रांनो, मुंबईला शिकलेल्या माणसाला त्या निरक्षर बाईनं पुराव्याचा धडा दिला, तो असा उंबऱ्यात उभं राहून. डॉक्टरांचा चेहरा पार उतरला. लेखणीच्या एका ओळीनं ह्या बाईचं पाणी तोडलं होतं, आणि ती ओळ ऐकीव होती.

दुसऱ्याच दिवशी ते सायकलवर टांग मारून वाडीत गेले. त्या तीन घरी जाऊन त्यांनी चौकशी केली, कुणाला काही झालं नव्हतं. मग चंद्रभागेला तिच्या सासूच्या माघारी विचारलं. सोनुबाईचे कंद तिनं आदल्या दिवशीच संपवले होते. दुसऱ्या दिवशी पोटात भुकेची आग, आणि घरात सगळ्यांची जेवणं व्हायची होती. सुनेनं आधी खायचं म्हणजे केवढी लाज! म्हणून तिनं शेताच्या बांधावरचे कंद स्वतःच खणले, उकडले आणि उभ्याउभ्या चोरून खाल्ले. वेल वाळून गेलेले, पान नाही, फूल नाही, कुठला कंद कशाचा हे तिला कळलं नाही. खणलेल्यांतले न उकडलेले दोन कंद अजून चुलीमागे पडले होते.

रुमालात बांधलेले ते दोन कंद घेऊन डॉक्टर परतले आणि इकडेतिकडे बघत त्यांनी थेट मला उचललं. लियाकत ओरडला, "साहेब, अम्मीचं लोणचं आहे ते!" पण डॉक्टरांनी लोणचं त्याच्या डब्यात ओतलं, मला धुतलं, त्यातला एक कंद आत टाकला, वर स्पिरिट भरलं आणि माझ्या पाठीवर 'विषारी कंद' अशी चिठ्ठी चिकटवली. मित्रांनो, त्या दिवसापासून मला कुणी जेवायला जवळ घेतलं नाही.

दुसऱ्या कंदाचा एक तुकडा मुंबईला त्यांच्या गुरुजींकडे गेला आणि उरलेला दवाखान्यामागे कुंडीत लावला. गुरुजींचं उत्तर आलं की हा कळलावीचा कंद दिसतो, त्याच्या विषानं केस गळतात आणि काही महिन्यांनी परतही येतात. डॉक्टरांनी केसपेपर परत मागवला. चुकीचं वाक्य त्यांनी खरवडलं नाही. त्यावर एकच आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'हे मी स्वतः न पाहता लिहिले. ते चूक आहे.' पुढे सही आणि तारीख.

पण तोवर सोनुबाई कुंभिवलीला भावाकडे निघून गेली होती.

श्रावणात कुंडीतल्या वेलाला फूल आलं. लाल-पिवळं, जाळासारखं. त्याला तर वाडीतलं शेंबडं पोरही ओळखतं. डॉक्टरांनी वाडीच्या लोकांना बोलावून ते दाखवलं, आणि लियाकतला पाठवून सोनुबाईलाही आणवलं. चंद्रभागेचे केस तोवर बोटभर वाढले होते. सगळ्यांसमोर ती सासूला म्हणाली, "आत्याबाय, मीच खनले वो ते. चोरून खाल्ले. तिचा काय दोष नाय." येसूबाईनं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

डॉक्टरांनी केसपेपर सोनुबाईपुढे धरून वाचून दाखवला. तिनं त्या रेघेवरून बोट फिरवलं. "पुसलं नाय?"

"पुसलं तर मी चुकलो होतो हे कुणाला कळणार नाही, आजी."

मग चंद्रभागा तिच्यापुढे पाठ करून बसली. "बग गं आये, आले केस. हात तरी लाव."

सोनुबाईचा हात उठला. त्या पोरीच्या डोक्यापर्यंत गेला, आणि तिथूनच मागे आला. "नगं गं बाय," ती म्हणाली. "चांगले हायत म्हनायचं बी आता भ्या वाटतंय." ती संध्याकाळच्या गाडीनं कुंभिवलीला परतली. वाडीत ती पुन्हा कधी राहायला आली नाही. मला रडू आलं असतं, पण बरणीला ती सोय नाही.

पुढे डॉक्टरांनी ही हकीकत लिहून एका वैद्यकीय मासिकात छापली. अशा लिखाणाला केस रिपोर्ट म्हणतात. एकाच रोग्याचं, पण जे पाहिलं तेवढंच लिहायचं. आपली पहिली नोंद चुकली होती, हेही त्यांनी त्यात घातलं. मुंबईहून माणसं मला बघायला आली. माझा फोटोसुद्धा निघाला! सोनुबाईचं नाव मात्र छापील पानात कुठेच नव्हतं. तिथे 'शेजारची एक स्त्री' एवढंच होतं.

मग डॉक्टरांची बदली झाली. लियाकत दुबईला गेला. सफियाबी वारल्या, तेव्हा घरातल्या बरण्या नातेवाइकांनी वाटून घेतल्या म्हणे, पण माझी आठवण कुणाला झाली नाही. ते मासिक वाळवीनं खाल्लं. आता चौऱ्याऐंशी साल चालू आहे आणि मी कपाटावर धुळीत उभी आहे. स्पिरिट अर्ध्यावर आलं आहे. नव्या डॉक्टरांनी परवा विचारलं, "हा आल्याचा तुकडा कुणी ठेवलाय इथे?" झाडूवाल्या मोरूला मी घरी न्यायची आहे, त्याच्या बायकोला लोणच्यासाठी बरणी हवी आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही. उलट पुन्हा कुणाच्या पानाशेजारी बसायला मला फार आवडेल. पण मोरूला अक्षरओळख नाही, आणि माझ्या पाठीवरची चिठ्ठी जवळजवळ पुसली आहे. म्हणून मी भिते.

तेव्हा मित्रांनो, तुम्हाला वाचता येतं, तुम्ही त्याला सांगा. हा कंद दूर पुरून टाक, मला राखेनं चार वेळा घासून काढ, मगच लोणचं घाल म्हणावं. चिठ्ठीवर नवी शाई फिरवून ती डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. आणि उद्या तुमच्या हाती लेखणी येईल, तुमच्या अक्षरावर लोक देवाइतका विश्वास ठेवतील, तेव्हा कुणाचं नाव लिहायच्या आधी क्षणभर थांबा. उंबऱ्यात एक म्हातारी उभी आहे आणि विचारते आहे, "तू बगितलंस का रं?"