टाचणात नसलेला प्रश्न

मी हर्षाचा रोलअप फळा बोलतोय. काळं रेक्झिन, दोन्ही टोकांना लाकडी पट्ट्या, बस एवढाच माझा देह.

२००६ साली सानगडीची हर्षा डी.एड.ला लागली, तेव्हा तिच्या वडिलांनी, भैय्यालालांनी, मला भंडाऱ्याच्या दुकानातून घेतलं. एसटीत ती मला गुडघ्यांमध्ये उभा धरायची. कंडक्टर हसायचा, "बंदूक घेऊन चालली का वं, पोरी?"

तिचा पहिला सराव पाठ चौथीच्या वर्गावर होता. विषय अपूर्णांक. पाठाचं टाचण तिने घोकून ठेवलं होतं. माझ्यावर सुरेख वर्तुळं काढली, भाग पाडले. तेवढ्यात उर्वशी नावाची मुलगी उठली.

"बाई, मले नाही समजलं. दोनापेक्षा चार मोठे न? मंग पाव अर्ध्यापेक्षा लहान काहून?"

"मले नाही, मला म्हण. खाली बस."

उर्वशी बसली. नंतर तिने मान वर केलीच नाही.

पाठ तपासायला आलेले कॉलेजचे इतर प्राध्यापक चहा पिता पिता पाच-पाच पाठांवर सह्या करत. वच्छला मॅडम मात्र शेवटच्या बाकावर तास संपेपर्यंत बसल्या होत्या. त्यांनी सही केली नाही.

"त्या पोरीच्या प्रश्नाचं काय?"

"मॅडम, तो टाचणात नव्हता," म्हणताना हर्षाला रडूच फुटलं.

मॅडमनी तिला जवळ बसवलं. "मलाही उत्तर लगेच सुचलं नाही गं. चल, दोघी मिळून शोधू."

दुसऱ्या दिवशी हर्षाने डब्यातली पोळी काढली आणि उर्वशीला पुढे बोलावलं.

"दोघींत वाटली तं तुले केवढी?"

उर्वशीने अर्धी तोडली.

"अन् चौघींत?"

तिने पुन्हा तोडली. हातातल्या तुकड्याकडे पाहत राहिली आणि एकदम ओरडली, "खाणारे वाढले, म्हणून वाटा लहान झाला, बाई!"

मग खडू घेऊन तिने माझ्यावर एक वाकडीतिकडी पोळी काढली. हर्षाने ती दिवसभर पुसली नाही.

आता हर्षा लाखांदूरजवळच्या शाळेत शिकवते. माझ्या रेक्झिनला भेगा पडल्यात, खडू उमटत नाही. तिच्या वर्गात खिळ्याला लटकून असतो. मागणं एकच आहे: नवा शिक्षक पहिल्यांदा वर्गापुढे उभा राहील, तेव्हा नुसती सही करून निघून जाऊ नका. त्याचा पाठ संपेपर्यंत बसा.

उद्या अश्विन नावाच्या छात्राध्यापकाचा पहिला पाठ आहे. आज तो दारात घुटमळत होता.

"मॅडम, चुकलं तं?"

"चुकू दे," हर्षा म्हणाली. "मी आहो न इथंच."