धातू लांब ठेवा

सभागृहाच्या पायऱ्यांपर्यंत रांग आली होती आणि आत मणीबाबा एकेकाचा आजार पळवून लावत होते. कापड पांघरलेल्या टेबलावर हात धरायचा, तळहातावर पांढरा मणी ठेवायचा. मणी उजळला की आजार गेला, औषधं बंद. नाही उजळला तर बाबा हळहळत, "अंगावर धातू आहे, बाळ. धातू प्रकाश गिळतो. काढून ये." लोक बांगड्या, अंगठ्या, घड्याळं काढून परत येत, मणी उजळे आणि सगळे हात जोडत.

माझ्या ताईला लहानपणापासून झटके येतात. तिनं घड्याळ काढलं, मणी उजळला, आणि शेजारी उभी असलेली मी ढसाढसा रडले. त्या दिवसापासून तिनं गोळी घेतली नाही.

आता माझा धंदा सांगते. वस्तूंवर चिकटवायच्या टॅगांसाठी मी अँटेना बनवते, म्हणजे तांब्याच्या तारेची वेटोळी. टॅग वाचणाऱ्या यंत्रातल्या, म्हणजे रीडरमधल्या वेटोळ्यातून लहर निघते, टॅगमधलं वेटोळं ती पकडतं आणि तिच्यावरच चालतं. बॅटरी लागत नाही. त्या आठवड्यात स्टीलच्या डब्यावरचा एक टॅग काही केल्या वाचला जाईना. वेढे वाढवू का, असं सहकाऱ्यानं विचारलं.

"वेढे राहू दे," मी म्हणाले. "आधी धातू लांब कर. धातू लहर गिळतो."

बोलले आणि माझी कानशिलं तापली. हे वाक्य मी रोज बोलते. बाबांच्या तोंडून ऐकलं तेव्हा मात्र हात जोडले होते.

मण्याचा उजेड टॅगासारखाच लहरीवर चालतो, असं मी ताईला सांगितलं, पण तिला ते पटेना. मणी उजळलेला तिनं डोळ्यांनी पाहिला होता. मग मी एका काडेपेटीवर तारेचे वेढे गुंडाळले, त्यांना लहरीशी सूर जुळवणारा कपॅसिटर आणि इवलासा दिवा जोडला, आणि तिला घेऊन पुन्हा रांगेत लागले. बाबांनी मणी पुढे केला. मी तो न घेता काडेपेटीच टेबलावर ठेवली. दिवा लख्ख लागला.

"या काडेपेटीला काय झालं होतं, बाबा?" मी विचारलं.

श्रद्धेनं निर्जीवही तरतात, असं बाबा सांगू लागले, तोवर मागच्या आजोबांनी कापड ओढलं. खाली वायरचं वेटोळं होतं आणि तिचं टोक भिंतीतल्या प्लगमध्ये. लोक खाली माना घालून आपापल्या बांगड्या शोधू लागले.

बाहेर येऊन ताईनं घड्याळ बांधलं.

"मला यातलं काही कळत नाही," ती म्हणाली. "तुला कळतं. तू रडलीस म्हणून मी गोळ्या बंद केल्या."

मला तिच्याकडे बघवेना. तिथून आम्ही तडक डॉक्टरांकडे गेलो.

बाबांची युक्ती काही फार मोठी नव्हती. मीच माझी अक्कल चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवली होती. तुम्ही चपला खुशाल काढा. अक्कल घेऊन आत जा, तुमच्याकडे बघून कुणीतरी विश्वास ठेवत असतं.