भाऊबीजेचं मागणं

भाऊबीजेला पोशीरला जाऊन आबाजीदादाला ओवाळायचं आणि तोवर तोंडात काही घालायचं नाही, हा नेम गोदाबाईंनी लग्नापासून पाळला होता. यंदाही त्या खालापूरहून उपाशीच निघाल्या. टेंपोत शेजारणीनं करंजी पुढं केली, तेव्हा त्यांनी नुसते हात जोडले.

नातू साईराज मुंबईला इस्पितळात होता. जन्मल्यापासून दूध पोटात गेलं की जुलाब. नुसतं पाणी दिलं तर मात्र काही होत नसे. "तुझंच दूध बाधतंय गं त्याला," असं म्हणून गोदाबाईंनी सुनेला ओल्या बाळंतपणात सोमवार धरायला लावले होते. सून रोहिणी म्हणजे आबाजीचीच थोरली लेक. आत्याचा शब्द कसा मोडणार? ती वाळत गेली आणि पोर तिच्याहून वाळलं.

मग नवरात्रात डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं.

"आजी, आतड्याच्या अस्तरात काही थोड्या पेशी असतात. अन्न आलं की त्या संप्रेरकं सोडतात. आतड्याला निरोपच तो, की आलंय ते पचव, अंगाला लाव. बाळाच्या आतड्यात त्या पेशी तयारच झाल्या नाहीत. त्यांना घडवणारं जनुक बिघडलंय. एक बिघडलेली प्रत आईकडून आली, एक बाबांकडून. एकच असती तर कळलंही नसतं. सून तुमची भाची ना? मग बहुधा तुमच्या माहेरूनच दोघांत उतरलंय."

"म्हणजे दुधात खोट नव्हती?"

"दूध चांगलंच होतं, आजी."

आता साईराजला सगळं शिरेतून दिलं जात होतं. असं किती दिवस चालेल, ते डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं नाही.

धाकट्या लेकाचं, विकासचं रक्त तपासलं, तर त्याच्यातही ती एक प्रत निघाली. त्याची सुपारी फुटली होती ती रोहिणीच्याच बहिणीशी, भाग्यश्रीशी. तुळशीचं लग्न लागलं की यांचं.

पोशीरला आबाजी पाटावर बसला. डोक्यावर टोपी, समोर रांगोळी. गोदाबाईंनी कुंकू लावलं, घरून आणलेलं निरांजन उचललं आणि तिथंच थांबल्या.

"ओवाळ की गं. का यंदा ओवाळणी आधीच पायजे?" आबाजी हसला.

"पायजे, दादा. भाग्यश्रीचं रक्त तपासून घे. तिच्यातबी ते निघालं, तर ही सोयरीक नको."

आबाजीचं हसू गेलं. "माझ्या लेकीत खोट काढायला आलीस? तुमच्याकडं कंपन्यांचं घाण पाणी. ते बाधलं पोराला!"

"खोट असंल तर तुझ्या-माझ्यात हाय, दादा. आपल्या आईबापाकडनं आली असंल. तपास नायतर मोड. हीच माझी ओवाळणी."

"गावभर सांगून झालंया. मोडलेली पोरगी कोण करील?"

दाराआड भाग्यश्री उभी होती. हातात करंज्यांचं ताट. गोदाबाईंना तिच्याकडं बघवेना.

"रोहिणी रोज फोनवर रडती, दादा. तुझ्या एका लेकीला रडवलं मी. दुसरीला नाय रडवायची."

आबाजी पाटावरून उठला. डोक्यावरची टोपी काढून त्यानं खुंटीला अडकवली. "भाऊ मेला समज," एवढंच बोलला आणि मागच्या दारानं शेताकडं निघून गेला.

वहिनी जेवायला थांबवत होती. गोदाबाईंनी निरांजन पदरानं विझवलं, पिशवीत घातलं आणि रस्त्याला लागल्या.

घरी पोचेस्तोवर दिवस बुडाला होता. विकासनं विचारलं, "आई, जेवलीस का?" त्यांनी पिशवी उघडली. निरांजनात नवी वात घालून अंगणात आल्या. पश्चिमेला बिजेची कोर कशीबशी दिसत होती. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका आज चंद्राला ओवाळतात. लहानपणी शेजारच्या बिनभावाच्या पोरीला तसं ओवाळताना बघून गोदाबाईंना तिची कीव यायची.

त्यांनी कोरीला ओवाळलं आणि हात जोडले. दादाचं आयुष्य मागितलं, साईराजचं मागितलं.

मग विकासनं पुढं केलेला पाण्याचा तांब्या त्यांनी घेतला आणि उपास सोडला.