सर मॅलिसचा दूधभाऊ

सहा वर्षं डोंगरात काढून सर मॅलिसने आपला ड्रमकॅरनचा किल्ला इंग्रजांकडून परत घेतला, तेव्हा मी त्याच्या भालाइतांत होतो. आत सापडलेले सतरा इंग्रज भरदुपारी तटावरून खाली ढकलले. दोघं पडल्यावरही हलत होते. त्यांना तसंच राहू दिलं.

मग त्याने गिलमोरला आणवलं. गिलमोर पाणचक्कीवाला. सरदारांची पोरं आमच्याकडे दुसऱ्याच्या घरी वाढतात. मॅलिस सात वर्षांचा होईतो गिलमोरच्या आईपाशी, मुरियलपाशी वाढला होता.

"इंग्रजांना पीठ दळून दिलंस?"

"दिलं," गिलमोर म्हणाला. "चक्कीला काय कळतंय धनी कोण ते? तू डोंगरात हरणं मारत होतास. माझ्या घरात पाच तोंडं होती."

आम्ही काहीजण हसलो. मॅलिसही हसला. वाटलं, सुटला.

"दोर आणा," मॅलिस म्हणाला.

मुरियल धावत आली. "अरे, माझ्या एका कुशीला तू निजायचास, एका कुशीला हा. हवं तर हात तोड त्याचे, पण जीव नको घेऊस!"

"बरं दाई, तुझ्यासाठी दोर नको. दोर चोराला. याला तलवार."

तिला समोर उभं करून त्याने स्वतः घाव घातला. गिलमोरचे खांदे मी दाबून धरले होते. पहिला घाव नीट बसला नाही. तीन घालावे लागले.

"आता किल्ल्यातच राहा," तो तिला म्हणाला. "काही कमी पडू देणार नाही."

सून होती, नातवंडं होती. ती राहिली. रोज सकाळी त्याच्यासाठी ओटची लापशी करायची, आणि रोज तो सगळ्यांदेखत म्हणायचा, "आधी तू खा, दाई. चांगलं पोटभर." ती खायची. मग तो हसून वाडगा ओढायचा.

तिसऱ्या वर्षी एका चकमकीतून तो पोटात बाण घेऊन आला. खोलीत मी आणि मुरियल, दोघंच.

"पाणी," तो म्हणाला.

घागर तिच्या शेजारीच होती. ती हलली नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. "अरे, तू तरी दे."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. दिवस मावळेपर्यंत तो मागत होता. शेवटी शेवटी तिला 'आई' म्हणाला.

पाद्री आला तेव्हा मुरियलने सांगितलं, "शांत गेला." मग बाह्या वर सारून तिने त्याला आंघोळ घातली. सावकाश, नीट, अगदी कानांमागेसुद्धा.