वेगळा काढलेला काटा

आर्णीजवळच्या शाल्मली जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मी वजनकाट्यावर बसायचो. कापसाची भरली गाडी काट्यावर उभी राहिली की वजन बघायचं, गाडीवाल्याला मोठ्याने सांगायचं आणि नोंद करायची, एवढंच काम. पण एवढ्याशा कामावर माझी मिजास केवढी होती, ते तालुक्यात कोणालाही विचारा. लांबलांबची माणसं वाटेतली जिनिंगं सोडून आमच्याकडे यायची, कारण काट्यावर भीमराज आहे. मालक नंदकिशोर शेठनी जिनिंगला लेकीचं नाव दिलं होतं. गाडीवाले मात्र ‘भीमराजच्या काट्यावर चाललो’ असंच म्हणायचे. शेठना ते खटकायचं आणि मला फार आवडायचं.

माझी मोनाली त्याच जिनिंगच्या ऑफिसात कम्प्युटरचं काम बघायची. यवतमाळला डिप्लोमा केलेली पोरगी. तिनेच शेठच्या मागे लागून नवा डबा आणवला, मॅनेज्ड स्विच. सगळ्या कम्प्युटरच्या वायरी एका ठिकाणी येतात, तो डबा. आधीचा डबा अगदीच बिनडोक होता. एकदा कोणीतरी लोंबकळणारं वायरीचं टोक बरं दिसत नाही म्हणून परत त्याच डब्यात खोचून ठेवलं, तर अख्खं जिनिंग दुपारभर ठप्प. नवा डबा असलं काही झालं की ते तोंड आपोआप बंद करायचा. ओळखीचं यंत्र सोडून परकं कोणी खोचलं तर दाद द्यायचा नाही. कोणत्या वायरीला आधी वाट द्यायची तेही त्याला शिकवून ठेवता यायचं. मोनाली जेवताना हे सगळं सांगायची आणि तिची भाजी गार व्हायची.

“बाबा, एकाच डब्यात दोन मोहल्ले पाडता येतात,” ती एकदा म्हणाली. “वायरा बाजूबाजूले, पन ह्या मोहल्ल्यातलं त्या मोहल्ल्याले ऐकूच येत नाई.”

“हे समजायले डिप्लोमा लागते का वं?” मी म्हणालो. “माह्या आज्यानं एकाच गावात दोन विहिरी पाह्यल्या.”

सत्यशीला, माझी बायको, पदर तोंडाला लावून हसली. मोनालीही हसली. पोरीचा अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू.

डबा आला आणि माझ्या काट्यावरची कागदी पावती बंद झाली. वजन वायरीतून थेट ऑफिसात जाणार, पावती तिकडेच छापणार. माझ्यासमोर पडदा होता. बटण दाबलं की त्यावर हिरव्या अक्षरांत ‘नोंद झाली’ असं यायचं. ते वाचल्याशिवाय मी गाडी पुढे सोडत नसे.

पुढच्या हंगामात बोंडअळी आली. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी, आणि कापूस म्हणावा असं काही नाही. फाटकावर रांगच लागेना. त्याच वर्षी शेठनी आत ऑफिसजवळ दुसरा काटा बसवला. विचारलं तर म्हणाले, फेरतपासणीसाठी. म्हणजे गाडी आधी माझ्याकडे, मग आतल्या काट्यावर. मला राग आला होता. माझ्या वजनाची फेरतपासणी! पण मनात म्हटलं, करा बापांनो, दोन्ही वजनं सारखीच निघतील, मग तुम्हीच तोंडघशी पडाल.

सोनीबाई तांड्यावरून यायची. गाडीसोबत स्वतः येणारी, वजन होईपर्यंत काट्यावरून नजर न हलवणारी बाई. त्या दिवशी तिची गाडी माझ्याकडून आत गेली आणि थोड्या वेळाने बाई एकटीच पावती हातात धरून परत आली. कापूस तोवर आवारातल्या गंजीत ओतला गेला होता.

“भाऊ, तुमी मले जे वजन सांगतलं, त्याच्यापेक्षा एक क्विंटल कमी लिवलं अंदर. मी म्हणलं तर हासून राह्यले. म्हणे तुले आयकू आलं नसन.”

वजन मला पक्कं आठवत होतं. बाईने म्हटलं तेच होतं. आणि मला, खरं सांगतो, राग आला त्याहून जास्त जोर चढला. आता दाखवतो, म्हटलं.

“चाल माह्यासंग. माहं वजन कम्प्युटरात हाये. कोण हासते ते पाहू.”

काटा सोडून मी तिच्यापुढे चालू लागलो. आणखी चार-पाच गाडीवाले मागे आले. ऑफिसात शेठ बसले होते आणि मोनाली तिच्या जागेवर होती. मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, “मोनाली, ह्या बाईच्या गाडीचं माहं वजन काढ.”

मोनाली हललीच नाही.

“काढ की,” शेठ शांतपणे म्हणाले. “बाबा सांगतात तर दाखव.”

तिने पडदा आमच्याकडे वळवला. माझ्या काट्याच्या नावापुढे काहीच नव्हतं. सोनीबाईचं नव्हतं, तिच्या आधीच्या गाडीचं नव्हतं. ती वर वर सरकवत गेली तरी हंगामाच्या पहिल्या गाडीपर्यंत सगळं कोरं.

“भीमराजभाऊ, डोळ्यांचं बघा आता,” शेठ म्हणाले. “बटण भलतंच दाबत असाल.”

मोनाली उठली आणि माझा हात धरून मला बाहेर व्हरांड्यात घेऊन आली.

“बाबा, तुमच्या काट्याची वायर मी वेगळी काढली,” ती म्हणाली. “शेठ म्हणले, बाबाले मोतीबिंदू हाये, आकडे चुकून राह्यले, त्याहिले घरी बसवतो. मी पाया पडली. मग म्हणले, बसू दे, पन त्याहिचं वजन ऑफिसात नाई यायले पाह्यजे. म्हून तुमचा काटा मी दुसऱ्या मोहल्ल्यात टाकला. नोंद झाली असं तुमाले दिसलं पाह्यजे, एवढंच केलं.”

“अन् माही वजनं कुठी जात होती?”

“कुठीच नाई, बाबा.”

“बरोबर होती का चुकीची?”

“मी पाह्यलीच नाई,” ती म्हणाली आणि रडायला लागली. “मले वाटलं, काटा सुटला तर तुमी जगान नाई.”

शेठनी मला घरी का बसवलं नाही, ते मला तिथेच कळलं. गाडीवाले माझ्या नावावर येत होते. मला फाटकावर नुसतं पाटीसारखं लावून ठेवलं होतं, आणि माझ्या पाटीखालून गाडी आत गेली की आतला काटा हवं ते म्हणत होता. माझे डोळे चुकत असतील नसतील. ते आता कोण सांगणार? बाईचा कापूस गंजीत मिसळला होता. परत मोजायला वेगळा कुठून आणायचा?

मला आत जाऊन ओरडून सांगायचं होतं. पण काय सांगणार? शेठ कानावर हात ठेवणार. डब्याची किल्ली, म्हणजे त्याचा पासवर्ड, एकट्या मोनालीकडे. वायर तिने वेगळी काढलेली, खोटी हिरवी अक्षरं तिने बसवलेली. शेठ तिलाच चोर ठरवून पोलिसांत देणार आणि आयुष्यभर कोणी तिला दारात उभं करणार नाही. मी तोंड उघडलं तर लेक जाते, नाही उघडलं तर माझं इमान जातं. व्हरांड्यात मला दुसरा रस्ता दिसला नाही.

मी आत गेलो. सोनीबाई पावती धरून तशीच उभी होती. तिला अजून वाटत होतं की मी काहीतरी घेऊन येतोय.

“बाई,” मी म्हणालो, “माह्याकडूनच नोंद राह्यली असन. वजनाचंबी मले आता पक्कं नाई सांगता येत.”

शेठ कागद चाळायला लागले. सोनीबाईने माझ्याकडे पाहिलं, मग मोनालीकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे.

“बाप-लेक दोघंबी त्याहिचेच हाये म्हना ना,” ती म्हणाली. “मी तं तुमच्या भरोशावर आलती, भाऊ.”

ती निघून गेली. ही गोष्ट बाजाराच्या दिवशी सगळीकडे पसरली. शेठनी मला काढलं नाही, तशी गरजच उरली नाही. ज्या थोड्या गाड्या आल्या, त्या माझ्या काट्यावर थांबायच्या, पण मी वजन सांगितलं की गाडीवाला दुसरीकडे बघायचा. एकाने तर कानांत बोटं घातली. बाकीच्या गाड्या दुसऱ्या जिनिंगकडे वळल्या.

एका संध्याकाळी मोनाली काट्यावर आली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

“बाबा, शेठ काईबी म्हणो. माही नोकरी गेली तं जावो. मी आज तुमची वायर परत जोडतो.”

मी खुर्चीवरून उठलो नाही. समोरचा रस्ता रिकामा होता.

“राहू दे, माय,” मी म्हणालो. “आता कोण आयकते?”