साळुंकीने निवडलेले झाकण

मित्रांनो, खुलताबादच्या एका ओसरीत विसावलेली मी एक जुनी दाणापेटी आहे. सांडू सुतारांनी मला विशाखासाठी घडवले. माझ्या एका कप्प्याला निळे झाकण आहे, दुसऱ्याला पिवळे. विशाखा रोज शहरात जाऊन-येऊन प्राणिशास्त्र शिकते. भुकेमुळे पक्ष्यांच्या शिकण्यात काय फरक पडतो, हे तिला पाहायचे होते.

संक्रांतीला मांज्याने पंख कापलेली एक साळुंकी तिला सापडली. पंख भरून येईपर्यंत ती आमच्याकडेच राहिली. सकाळी ती भुकेली असताना विशाखा पिवळे झाकण बांधून ठेवी आणि निळे मोकळे. पोट भरल्यावर उलटे करी. आत भिजवलेली डाळ सारखीच असे. चोचीने निळे झाकण उचलायला साळुंकी दोन दिवसांत शिकली. पिवळ्याला आठवडा लागला. केवढी हुशार! मला तिचे फार कौतुक वाटे.

मग साळुंकी कोणते झाकण निवडते हे पाहायला एके सकाळी विशाखाने दोन्ही मोकळी केली. साळुंकी मात्र पिसे फुगवून कोपऱ्यात बसून राहिली.

"आज दुपारपर्यंत हिला उपाशीच ठेवते," विशाखा म्हणाली. "मग निवडेल."

तिची आई भामाबाई तांदूळ निवडत होती. "नगं. ती तुझ्या हातात हाय, म्हणून तिची भूक काय तुझी झाली नाय."

विशाखाने साळुंकीचे वजन केले. ते बरेच उतरले होते. तिने नोंदींची वही मिटली आणि आठवडाभर साळुंकीला पोटभर खाऊ घातले.

साळुंकी पुन्हा किलबिलू लागली, तेव्हा विशाखाने पुन्हा दोन्ही झाकणे मोकळी केली. साळुंकी थेट निळ्याकडे गेली. पुन्हा पुन्हा निळ्याकडेच.

"आई, पोट भरलेलं असूनही निळंच निवडतेय."

"उपाशीपोटी ज्या दारात घास मिळाला, ते दार माणूसबी इसरत नाय," भामाबाई म्हणाली.

पंख बरा झाल्यावर विशाखाने तिला अंगणात सोडले. काही दिवसांनी ती समोरच्या कडुलिंबावर दिसली. चोचीत नाकतोडा होता. माझ्यात डाळ असूनही ती खाली उतरली नाही. मला जरा चुटपुट लागली, पण अभिमानही वाटला.

मित्रांनो, पाखरांना दाणापाणी जरूर ठेवा, भांडी रोज घासा. मात्र पाखरू स्वतःचा घास स्वतः शोधू लागले, तर त्याला हाका मारू नका. त्याला जाऊ द्या.